पेरलेलं फुलांचं बी उगवत नाही? नवं पाकीट फोडण्याआधी जुनं उकरून बघा

आधी लक्षणं

‘बी उगवत नाही’ या एका वाक्यात निदान पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि प्रत्येकीचं कारण निराळं असतं. म्हणून उपायाकडे धावण्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवा.

पहिली तक्रार : दिवस उलटून गेले, मातीवर एक हिरवा ठिपकाही नाही.

दुसरी : वीस बिया पेरल्या, चार-पाचच आल्या. त्याही ट्रेच्या एकाच बाजूला, किंवा आज एक आणि आठवड्याने दुसरी.

तिसरी : छान उगवलं, दोन पानं उघडली, आणि एका सकाळी बघावं तर रोपं मातीलगत मोडून आडवी. देठ बुडाशी दोऱ्यासारखा बारीक आणि भिजल्यासारखा काळपट.

चौथी : उगवलं, पण रोपं लांबलचक, फिकट, उजेडाच्या दिशेने मान टाकून उभी.

पाचवी : कोंब वर आला, पण टरफल डोक्यावर टोपीसारखं अडकून बसलं. पानं उघडतच नाहीत.

बहुतेकांची तक्रार पहिली किंवा दुसरी असते, आणि बहुतेक जण तिथेच ‘बी खराब निघालं’ म्हणून नवं पाकीट फोडतात. मी फुलझाडं वर्षानुवर्षं बियांपासूनच करते आणि इतरांचे रिकामे ट्रेही सतत बघते. बी खरंच खराब निघाल्याची वेळ फार कमी येते. कारण बहुधा पाण्यात, खोलीत किंवा तापमानात सापडतं, आणि ते तसंच राहिलं तर नवं पाकीटही त्याच मातीत जातं.

पुढच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. फुकटच्या आधी, सामान लागणाऱ्या मग, वेळखाऊ शेवटी. क्रम मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

१. दिवस मोजा

पेरल्याची तारीख लिहून ठेवली नसेल तर इथूनच सुरुवात करा. मनातला अंदाज नेहमी चुकतो. वाट बघणाऱ्याला चार दिवस दहासारखे वाटतात. झिनिया आणि झेंडू उबेत ४ ते ८ दिवसांत वर येतात. कॉसमॉसला साधारण ५ ते १० दिवस लागतात, पिटुनियाला ७ ते १४, अँटिराइनमला १० ते १४, सदाफुलीला ७ ते १५. पॅन्सी १० ते २० दिवस घेते. लॅव्हेंडरला १४ ते ३० दिवस लागतात, आणि तेही सगळं बी एकाच वेळी येत नाही.

हे आकडे तापमान जुळलं तरचे आहेत. माती पाच-सात अंशांनी थंड असेल तर दिवस सहज दुप्पट होतात. माझा हिशेब असा की वर दिलेला मोठा आकडा उलटून आणखी निम्मे दिवस गेले तरच काहीतरी बिघडलंय असं धरायचं. झिनियाला बारा दिवस, पिटुनियाला तीन आठवडे. त्याआधी ट्रेला हात लावायचा नाही.

२. बी उकरून बघा

सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच, आणि हीच कुणी करत नाही. रुजतं बी हलवलं तर मरेल ही भीती असते. ती खरी आहे, म्हणूनच सगळा ट्रे उकरायचा नाही. एका कोपऱ्यातल्या तीन-चार बिया पुरतात. टूथपिकचं टोक ओलं करून माती हलकेच बाजूला सारा, बी उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा, उजेडात न्या. बोटाने दाबून बघा, मग नखाने किंवा ब्लेडने उभं चिरा.

बी पेरलं तसंच टणक आणि कोरडं असेल, तर त्यात पाणी शिरलेलंच नाही. माती कोरडी राहिली किंवा टरफल पाणी आत घेत नाही. तुमचं उत्तर तपासणी ३ किंवा ७ मध्ये आहे.

बी फुगलेलं आहे, पण दाबल्यावर घट्ट लागतं आणि चिरल्यावर आत स्वच्छ पांढरं दिसतं, तर ते बहुधा जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघतंय. तपासणी ४ आणि ५ बघा.

बी फुगलेलं आहे आणि दाबताच पचकन फुटतं, आत राखाडी चिकट लगदा, कुबट वास, तर ते कुजलंय. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या : मेलेलं बीसुद्धा पाणी शोषतं आणि फुगतं. पाणी शोषायला जीव लागत नाही, कोरडा पदार्थ ओलावा ओढतो इतकंच. म्हणून ‘फुगलं होतं हो, म्हणजे चांगलं होतं’ हा पुरावा धरता येत नाही. ते तुमच्या पाण्याने कुजलं की मेलेलंच आलं होतं, हे तपासणी ३ आणि ६ मिळून सांगतात.

छोटं मूळ बाहेर पडलेलं आहे, पण तपकिरी होऊन वाळलंय, तर बी रुजलं होतं आणि मध्येच माती सुकली. कोरडं बी वर्षभर कोरडं राहू शकतं, पण एकदा मूळ बाहेर आलं की कोरडेपणा सोसण्याची ती ताकद संपते. त्या टप्प्यावर एक कोरडी दुपार पुरते.

आणि बी जागेवर नसेलच, किंवा नुसती टरफलं उरली असतील, तर ते कुणीतरी नेलंय. सूर्यफूल उंदीर आणि पक्षी उचलतात, बारीक बी मुंग्या ओढून नेतात. बारीक जाळी अंथरा, ट्रे चार वाट्यांवर ठेवून त्या वाट्या पाण्याने भरलेल्या पसरट थाळीत ठेवा. पुढचं काही वाचायची गरज नाही.

शेजारच्या काकू झिनियाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. वीस बिया, पंधरावा दिवस, एकही कोंब नाही. “पाकीटच जुनं असणार गं, मी दुसरं मागवते,” असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, “काकू, आधी उकरून बघू या का?” कागदावर आम्ही चौदा बिया काढल्या. चौदाही फुगलेल्या, आणि बोटाखाली चिखलासारख्या दबणाऱ्या. पाकिटात काही बिया उरल्या होत्या, त्यातल्या दहा ओल्या कागदात ठेवल्या. पाचव्या दिवशी नऊ बियांना मूळ फुटलं. मग त्यांनीच सांगितलं, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालत होत्या, कारण वरची माती सुकलेली दिसायची.

३. पाण्याचा हात

बी रुजताना श्वास घेतं. आत साठवलेलं अन्न वापरायला त्याला ऑक्सिजन लागतो, आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मिळत नाही. पाणी कमी पडलं तर काही होत नाही असंही नाही, ते वर सांगितलंच. म्हणजे लागतो तो वाफसा : माती ओलसर, पण तिच्यात हवाही खेळती. शेतकरी हा शब्द रोज वापरतात, कुंडीवाल्यांनीही वापरायला हवा.

वाफसा बघायची रीत सोपी आहे. बी नसलेल्या कोपऱ्यातली चिमूटभर माती घेऊन दाबा. गोळा झाला, बोटाने टिचकी मारताच सुटला आणि हाताला ओल लागली पण पाणी नाही, तर वाफसा आहे. थेंब गळले तर जास्त झालंय. गोळाच होत नसेल तर कोरडं आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, इथे डोळ्यांना फसवतं. वरचा पातळ थर फिकट तपकिरी होऊन सुकलेला दिसतो आणि एक सेंटिमीटर खाली ते चिंब असतं. म्हणून रंग बघून पाणी घालू नका, ट्रे उचलून बघा. पाणी दिल्यावरचं वजन एकदा हाताला कळलं की दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. मी आजही रोज सकाळी ट्रे उचलते आणि हलका लागला तरच पाणी देते.

पाणी वरून झारीने देऊ नका. बारीक बी वाहून एका कडेला जमतं, आणि मग ‘एकाच बाजूला उगवलं’ ही दुसरी तक्रार तयार होते. मातीवर पापुद्रा धरतो तो वेगळाच, त्याखाली कोंब अडकून वाकतो. ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवा, माती खालून पाणी ओढते. वरचा थर ओलसर दिसला की लगेच बाहेर काढा आणि निथळू द्या. ट्रेला भोकं आहेत ना, ती बुजलेली नाहीत ना, हे उलटून बघायला एक मिनिट लागतं. घरी जमवलेल्या डब्यांमध्ये भोकंच नसतात, असं मी कितीदा तरी बघितलंय.

माती चढवून गोळीसारख्या केलेल्या बियांची गोष्ट वेगळी. ते आवरण पूर्ण भिजून फुटायला हवं. अर्धवट भिजून पुन्हा सुकलं तर ते बीभोवती कवचासारखं घट्ट बसतं. अशा बीला पेरल्यावर लगेच वरून दोन-तीन थेंब पाणी द्या आणि पहिले तीन दिवस थर सुकू देऊ नका.

४. खोली आणि उजेड

साधा नियम असा की बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. झिनिया, झेंडू, कॉसमॉसला अर्धा सेंटिमीटर, सूर्यफुलाला दोन. बीमधलं अन्न ठरावीक असतं. त्या शिदोरीवर कोंबाला उजेडापर्यंत पोचायचं असतं. खोल पेरलेलं बारीक बी रुजतं, वर यायला लागतं आणि वाटेतच संपतं. उकरल्यावर मातीत पांढरा, वाकडातिकडा, लांब कोंब सापडला तर हेच झालंय.

पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया बसतात. झिनियाच्या एका ग्रॅममध्ये शंभर-सव्वाशे. या दोघींना एकाच पद्धतीने माती टाकून कसं चालेल? पिटुनियाचं बी नुसतं मातीवर ठेवायचं आणि कागदाने हलकं दाबायचं, झाकायचं नाही.

त्याला दुसरं कारणही आहे. काही बियांना उजेड दिसल्याशिवाय रुजायचंच नसतं. १९५२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे शास्त्रज्ञ हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या ओल्या बियांवर आळीपाळीने लाल आणि त्याही पलीकडचा अतिलाल प्रकाश टाकून बघितला. शेवटचा झोत लाल असला तर बिया रुजायच्या, अतिलाल असला तर थांबायच्या. बीमधल्या ज्या रंगद्रव्यामुळे हे घडतं त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं. निसर्गात याचा अर्थ सरळ आहे : इवलंसं बी खोल गाडलं गेलं असेल किंवा दाट पानांच्या सावलीत पडलं असेल तर त्याने आत्ता रुजण्यात अर्थ नाही, आणि ते त्याला कळतं.

उजेड मागणारी मंडळी म्हणजे पिटुनिया, अँटिराइनम, बेगोनिया, लोबेलिया, ॲलिसम, कोलियस. याउलट सदाफुली, पॅन्सी, फ्लॉक्स, लार्क्सपर, कॅलेंड्युला, नॅस्टर्शियम यांना अंधार आवडतो. त्यांना नीट झाका, ट्रेवर पुठ्ठा ठेवा, आणि पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी पुठ्ठा काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब लांबतात. सदाफुली उघड्यावर पेरून ‘बी मेलेलं’ म्हणणारे मला बरेच भेटले. त्याच पाकिटातलं उरलेलं बी पुठ्ठ्याखाली ठेवलं आणि आलं.

५. मातीचं तापमान

इथून पुढे एक वस्तू लागेल : टोकदार दांड्याचा साधा तापमापक. खोलीत अडकवलेला चालणार नाही, कारण ओल्या मातीतून पाणी उडताना उष्णता जाते आणि माती हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड असते. दांडा बी असतं तेवढ्याच खोलीवर, आडवा सरकवा. पहाटे एकदा आणि भर दुपारी एकदा वाचा.

झिनिया, झेंडू, सदाफुली, पिटुनिया यांना २१ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं, सदाफुलीला त्यातलं वरचं टोक. अँटिराइनमला १८ ते २१ बरं. पॅन्सीला १८ ते २० हवं आणि पंचविशीच्या वर गेलं की ती अडते. लार्क्सपर तर १५ च्या खालीच खुश असतं.

‘उबेत ठेवा’ हा सल्ला सगळ्या फुलांना सरसकट दिला जातो, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पॅन्सीचे तीन ट्रे मी त्या सल्ल्यापायी घालवले. कपाटाच्या माथ्यावर, छताजवळच्या उबेत ठेवले होते. उकरलं तर बिया फुगलेल्या, घट्ट, आतून पांढऱ्या, म्हणजे जिवंत. तापमापक लावला तर २९ अंश. चौथा ट्रे घरातल्या सगळ्यात गार फरशीवर ठेवला, वर पुठ्ठा झाकला. बाराव्या दिवशी पहिला कोंब आला आणि आठवड्याभरात ट्रे भरला.

दुसरी चूक याहून महाग पडते. ओल टिकावी म्हणून ट्रेवर प्लॅस्टिकचं झाकण घालतात, आणि तो तसाच उन्हात ठेवतात. झाकणाखाली दुपारी तापमान चाळिशीच्या पार जातं आणि ओलं, फुगलेलं बी अक्षरशः शिजतं. झाकण घालायचं असेल तर जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको, आणि दिवसातून एकदा झाकण उघडून वारा द्या.

६. ओल्या कागदाची चाचणी

इथवर काही सापडलं नाही तर आता बीवर संशय घ्या, आणि तोही तपासून घ्या. टिश्यू पेपर ओला करून पिळा, म्हणजे ओल राहील पण पाणी सुटणार नाही. दहा बिया एकमेकींना न चिकटवता मांडा, घडी घाला, झिपच्या पिशवीत ठेवा, वर तारीख लिहा. त्या फुलाला मानवणाऱ्या तापमानाला ठेवा. उजेड मागणारं बी असेल तर घडी घालू नका, उघडं ठेवा. ठरलेले दिवस झाले की मोजा.

दहापैकी आठ-नऊ रुजल्या तर बी उत्तम, चूक आपल्या ट्रेमध्ये आहे. पाच रुजल्या तर बी थकलंय, दुप्पट पेरा आणि काम भागवा. दोन किंवा त्याहून कमी आल्या तर ते पाकीट टाकून द्या. त्यावर माती, जागा आणि तीन आठवडे घालवू नका.

पाण्यात टाकून तरंगतं ते वाईट, बुडतं ते चांगलं, या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही. झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांचं टरफल हलकं आणि हवा धरणारं असतं. चांगल्या बियाही तरंगतात.

घरच्या फुलांतून बी जमवलं असेल तर पोचट बिया आधी वेगळ्या करा. झेंडूचं बी काळ्या सुईसारखं असतं, टोकाला वाळल्या गवताच्या रंगाचा झुपका. भरीव बी बोटांत ताठ लागतं, नखाने दाबलं तर आत गर जाणवतो. पोचट बी कागदाच्या पट्टीसारखं वाकतं. झिनियाच्या वाळक्या पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी असतं. त्याच्या मध्यावर बोट फिरवा, फुगवटा लागला पाहिजे. गच्च दुहेरी फुलांत पोचट बियांचं प्रमाण पुष्कळ असतं, आणि पुरतं वाळायच्या आत तोडलेल्या फुलातही. मूठभर काळ्या काड्या पेरून दोन रोपं येतात, त्याचं कारण हे.

जुन्या बियांबद्दल दोन शब्द. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ साली बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उघडली तेव्हाही त्यातल्या व्हर्बॅस्कमच्या बिया रुजल्या. पण ते एक चिवट रानझाड आहे. बागेतल्या फुलांचं तसं नाही. साल्व्हिया, जरबेरा, डेल्फिनियम वर्षभरातच थकतात, झेंडू दोन-तीन वर्षं, झिनिया तीन ते पाच वर्षं चालते, आणि तेही नीट ठेवली तर. बियांचे अभ्यासक जेम्स हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा आहे की बीमधली ओल १ टक्क्याने कमी केली तर आयुष्य दुप्पट होतं, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. म्हणून बी पूर्ण वाळवून हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. दमट जागेत उघडं पडलेलं पाकीट एका मोसमात संपतं.

७. टणक टरफल आणि थंडी मागणारं बी

उकरल्यावर बी दगडासारखं सापडलं आणि माती तर ओली होती, तर टरफलाला मदत लागेल. गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी, स्वीट पी, कर्दळ यांचं हे नेहमीचं आहे. बी चिमटीत धरा, ते शेंगेला किंवा फळाला जिथे चिकटलेलं होतं ती खूण शोधा. तिला हात लावू नका, कोंब बहुधा तिथूनच जवळ असतो. विरुद्ध बाजूला नेलकटरच्या कानशीने घासा. काळं टरफल जाऊन आतला फिकट रंग ठिपक्याएवढा दिसला की थांबा. मग कोमट पाण्यात रात्रभर, फार तर २४ तास. फुगलेलं बी लगेच पेरा. पाण्यात दोन-तीन दिवस ठेवलं तर ते गुदमरतं.

लॅव्हेंडर, डेल्फिनियम, प्रिम्युला यांना मात्र थंडीचा काळ गेल्याची खूण हवी असते. ओलसर कागदात किंवा ओल्या वाळूत गुंडाळून पिशवीत घाला, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास चार-सहा आठवडे ठेवा, मग पेरा. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून हे काम होत नाही. ओल आणि थंडी दोन्ही एकत्र लागतात.

८. माती बदलून बघा

कागदावर उगवतं आणि ट्रेमध्ये नाही, पाणी आणि तापमानही ठीक आहे, तर माती दोषी. बी रुजायला खत लागत नाही, शिदोरी त्याच्या आत असते. उलट जास्त गांडूळखत, शेणखत किंवा रासायनिक खत असलं तर क्षार वाढतात आणि बीला पाणी ओढता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलेला दिसला तर हेच समजा. न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असतं. ते स्वच्छ पाण्यात भिजवून, पिळून, पाणी टाकून द्या आणि असं तीनदा करा. मी पेरणीला धुतलेलं कोकोपीट आणि थोडं परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एवढंच वापरते. बीमधून आलेल्या पहिल्या दोन पानांनंतर खऱ्या पानांची पहिली जोडी आली की मग खताचं पाणी, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव ताकदीचं.

एक विचित्र खूण सांगून ठेवते. उगवलेल्या प्रत्येक जातीच्या रोपांची नवी पानं वाटीसारखी मिटलेली, पिळवटलेली आली, तर खतात तणनाशकाचा अंश असू शकतो. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही टिकून येतात. एका कुंडीत ते खत मिसळून घेवडा पेरा, दुसरीत खताशिवाय. तीन आठवड्यांत फरक उघड दिसतो. फरक दिसला तर ते खत कुठल्याच कुंडीत घालू नका.

९. रोपं कोलमडत असतील तर

तिसऱ्या तक्रारीचं कारण बुरशी आणि बुरशीसारखे जीव : पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युझेरियम. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यात वेळ घालवू नका. ते भोवतीच्या मातीसकट चमच्याने काढा, बाकीच्या रोपांना एक दिवस पाणी तोडा, झाकण कायमचं काढा, छोटा पंखा दूरवरून लावा. पुढच्या वेळी विरळ पेरा, ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेल्या मातीत पेरा. जुने ट्रे घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून, धुऊन वाळवा. जुनी माती पेरणीला पुन्हा घेऊ नका. घ्यायचीच असेल तर ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवा.

चौथी तक्रार उजेडाची आहे. दिव्याखाली ठेवत असाल तर एलईडी रोपांच्या अगदी जवळ, पाच ते आठ सेंटिमीटरवर आणा, दिवसाला १४ ते १६ तास. खूप लांबलेल्या झेंडू-झिनियाला दुसऱ्या कुंडीत लावताना खालच्या पानांपर्यंत मातीत घ्या. पाचवीसाठी टोपीवर पाण्याचा एक थेंब ठेवा, तासाभराने दोन बोटांत धरून अलगद सरकवा. कोरडी असताना ओढली तर पानांसकट येते.

कुठे थांबायचं

ताजं बी, नवी माती, धुतलेला ट्रे, वाफसा बरोबर, कागदाची चाचणी आठच्या वर, आणि तरी लागोपाठ दोन ट्रे कोलमडले, तर घरचे प्रयोग बंद करा. आजारी आणि निम्मं आजारी अशी रोपं मुळांच्या मातीसकट ओलसर कागदात गुंडाळा आणि जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पतीरोग विभागाला दाखवा. बुरशी कुठली हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं, आणि चुकीचं बुरशीनाशक मारून काही साधत नाही.

मोठ्या प्रमाणावर घेतलेलं बी चाचणीत नापास झालं तर पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि तारीख जपून ठेवा, उरलेलं बी बीज परीक्षण प्रयोगशाळेत द्या.

ट्रेखालची गरम होणारी चटई किंवा दिवा हाताला झिणझिण्या देत असेल तर भिंतीवरच्या मुख्य बटणाने वीज तोडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओली माती आणि वीज एकत्र असताना स्वतः उघडून बघायचं नाही.

गुलाबी-निळा रंग लावलेलं बी म्हणजे बहुधा औषध लावलेलं बी, ते हातमोजे घालून हाताळा. धोतरा, एरंड, गुंज, कण्हेर यांच्या बिया रंग नसला तरी विषारी आहेत. मुलाने त्यातलं काही गिळलं असं नुसतं वाटलं तरी वाट बघू नका, बी किंवा पाकीट सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

आणि न मागवता टपालाने बी आलं तर ते पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका. २०२० साली अनेक देशांत लोकांच्या घरी अशी पाकिटं आली होती, आणि तिथल्या कृषी खात्यांनी ती न पेरता जमा करायला सांगितलं. अनोळखी बीसोबत नवी कीड किंवा नवं तण येऊ शकतं. पाकीट बंदच ठेवून कृषी विभागाकडे द्या.